डावं पुढचं चाक

पोत्यावर एकोणीस वस्तू होत्या. चाकाचे नट पाच, ड्रम एक, ब्रेकचे लायनर दोन, लायनर आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा दोन, सिलिंडर एक, सिलिंडरातले दट्टे दोन, दट्ट्यांमागच्या रबरी वाट्या दोन, वाट्यांमधली बारीक स्प्रिंग एक, धूळ अडवणाऱ्या टोप्या दोन आणि हवा काढायचं निपल एक. अंगदने दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा एकोणीसच भरल्या. काही हरवलं नव्हतं, काही तुटलंही नव्हतं. खरं तर काहीतरी तुटलेलं सापडावं, अशी त्याची फार इच्छा होती.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर त्याची आई, कावेरीबाई, डावा हात मांडीवर ठेवून बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. आठ दिवसांपूर्वी, मागच्या रविवारी, ती अंगदशेजारी बसून सोयाबीनची काढणी बघायला निघाली होती. नाल्याच्या उतारावर अंगदने ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबायच्या ऐवजी गर्रकन डावीकडे वळली आणि बाभळीत शिरली. आई खाली पडली ती हातावर.

गाडी कसली, सांगाडाच होता तो, आणि गावाने त्याचं नावही सांगाडा असंच ठेवलं होतं. भंगारातल्या जिपेची चेसी, पाणी ओढायच्या पंपाचं इंजिन, मागे ट्रॅक्टरच्या नक्षीची टायरं, वर ना टप ना दार. पण त्याची गरज होती. भूकंपानंतर गाव उठून साडेतीन किलोमीटर इकडे आलं, शेतं मात्र तिथेच राहिली. मधे नाला, काळी माती आणि जुन्या घरांचे दगड. आईचा उजवा पाय भूकंपात तुळईखाली सापडला होता. त्या सकाळी फाट्यावरचे चांदपाशा मिस्त्री दोन जॅक घेऊन धावत आले आणि त्यांनी तुळई उचलली, म्हणून पाय राहिला. पण तो लंगडला. चालत शेतावर जाणं तिला जमत नव्हतं आणि शेत सोडवतही नव्हतं. म्हणून अंगदने सहा वर्षांनी, एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात, हा सांगाडा जुळवला. वेल्डिंग त्याचं, गणितं त्याची. ब्रेक तेवढे चांदपाशांचे, कारण ब्रेकला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं तेच म्हणाले होते.

अंगद बीएस्सी होता. लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवायचा आणि शनिवारी रात्री गावी यायचा. क्लासमधून आणलेला, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर त्याने आता रुमालातून काढला. आधी जबडे मिटवून शून्य तपासलं. मग एकेक शंका खोडत गेला. बेअरिंग बोटाने फिरवलं, ते मोकळं फिरलं. स्प्रिंगा मोजल्या, दोन्ही सारख्या. लायनर जळून काळे पडले होते, ड्रमवर निळसर झाक होती, म्हणजे हे चाक ब्रेक सोडल्यावरही सुटत नव्हतं, घासत होतं, तापत होतं. दट्टे तर सिलिंडरातून लाकडाने ठोकून काढावे लागले होते. राहिल्या रबरी वाट्या. सव्वीसच्या आसपास भरायला हव्या होत्या. व्हर्निअरवर आलं अठ्ठावीस मिलिमीटर, शून्य दशांश.

“फुगल्यात,” तो स्वतःशीच म्हणाला. म्हणजे रबर खराब. म्हणजे आपण फाट्यावर बोललो ते खरं निघालं. त्याला हायसं वाटलं.

फाट्यावर तो काय बोलला होता, ते सगळ्या गावाला माहीत होतं. मोडलेल्या हाताच्या आईला घेऊन तो लातूरला जायला फाट्यावर आला, तेव्हा काळ्या-पिवळ्या जिपांचे ड्रायव्हर हॉटेलात चहा पीत बसले होते. त्यातल्या भुजंगने विचारलं, “सर, ब्रेक कुणी केलता?”

“चांदचाचांनी.”

“मग असं कसं झालं वो?”

सात-आठ जण त्याच्याकडे बघत होते. क्लासमध्ये एकशेवीस पोरं अशीच बघायची. तिथे सरांनी उत्तराला तीन सेकंद लावले की संध्याकाळपर्यंत बातमी व्हायची, सरांना येत नाही. आणि आठवड्यात चार पोरं पलीकडच्या गल्लीतल्या क्लासला जायची. अंगदला थांबायची सवयच राहिली नव्हती. चाक उघडून बघितलेलं नसताना तो म्हणाला, “आतल्या रबरांचं किट डुप्लिकेट. रबर हलकं असलं की ब्रेक असाच धरतो.”

हॉटेलपासून वीस पावलांवर चांदपाशांचं दुकान होतं. त्यांनी ऐकलं. हातातलं पान्याचं फडकं झटकलं आणि जिपेत कावेरीबाईंना बसवायला पुढे आले. भुजंगच्या जिपेला त्यांनी दोनच दिवसांपूर्वी तसलंच किट घातलं होतं. त्याने चहा अर्धा सोडला आणि आपल्या चाकाकडे बघत उभा राहिला.

आता ओसरीवर अंगदने उजवीकडचं पुढचं चाकही उघडलं. खात्री करायची होती, एवढंच. तिथले दट्टे अंगठ्याने ढकलताच बाहेर आले. वाट्या मोजल्या. सव्वीस, दोन दशांश. पुन्हा मोजल्या. तेवढंच.

दोन्ही चाकांचं किट एकाच खोक्यातलं होतं. खोकं त्याने स्वतः फोडून चाचांच्या हातात दिलं होतं.

“अंगद,” आई म्हणाली, “त्यो डिझेलचा डबा तिकडं सरकव. आदीच माझी परात घाण करून ठिवलास. अजून वास जाईना तिचा.”

अंगदचा हात व्हर्निअरवर तसाच राहिला.

अपघाताच्या आदल्या आठवड्यात डावं चाक नाल्यात रुतलं होतं आणि ड्रममध्ये चिखल गेला होता. तेव्हा त्याने ते चाक उघडलं आणि आतलं सगळं परातीत घालून शनिवारी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. त्यांच्याकडे पंपाचं इंजिन दरवर्षी रब्बीच्या आधी असंच धुतात. सकाळी एकेक वस्तू काढून त्याने पुसली होती. प्रयोगशाळेतल्या काचेसारखी स्वच्छ. स्वतःवर खूश झाला होता. रबरी वाट्याही त्याच परातीत होत्या. चाचांनी किट घालताना प्रत्येक वाटी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून दोन बोटांनी फिरवली होती, डिझेलचा डबा पायाने लांब सारला होता. अंगद शेजारीच उभा होता. असं का, हे त्याने विचारलं नव्हतं.

तरी अजून एक वाट उरली होती. किट हलकं असेल तर ब्रेक ऑइलमध्येही फुगेल. त्याने उजवीकडच्या दोन वाट्या घेतल्या. स्टीलच्या दोन लहान वाटग्यांत एकीकडे ब्रेक ऑइल ओतलं, एकीकडे डिझेल, आणि एकेक रबर सोडलं. वहीत तारीख, वेळ आणि माप लिहिलं. आपण हा प्रयोग सत्य शोधायला लावलाय की सुटायला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. “वैनी, हाय का?”

चांदपाशा होते. साठीचे, पांढरी दाढी, नखांत कधीच न जाणारं काळं. हातात सीताफळांची पिशवी. ती त्यांनी बाजेखाली ठेवली आणि उंबऱ्यापाशी उकिडवे बसले.

“हात कसा हाय?”

“हाय की. पुढच्या म्हैन्यात काढतेत म्हणं प्लास्टर,” कावेरीबाई म्हणाली. मग त्यांच्या बायकोचं विचारलं, “चांदबी बरी हाय?”

“बरी हाय. तिनंच धाडलीत फळं. लाज वाटती म्हणली, म्हणून आली न्हाई.”

“तिला कसली लाज?”

“माल मी आणला की, वैनी. बघून घ्यायला पायजे व्हता.” चांदपाशा जमिनीकडे बघून बोलत होते. “परवा नांदेडला गेलतो. शेषेरावाच्या दुकानात. चार गिऱ्हाइकं हुबी व्हती, त्यांच्या म्होरं बोललो त्याला, नको नको ते. वीस सालाची वळख. त्यो म्हणला, पाशाभाई, माझा माल खोटा न्हाई. मी म्हणलो, आमचा पोरगा बीएस्सी हाय, लातूरला शिकवतो, त्यो खोटं बोलंल का तू?”

अंगदने वही मिटली.

“आन आता ब्रेकचं काम बंद केलं मी,” ते म्हणाले. “पंक्चर काढतो, ग्रीस भरतो. जिपावाले तसंबी येईनात. भुजंग निलंग्याला जाऊन करून आला. त्याचं बी बरोबर हाय, मानसं भरून पळवतो त्यो.” मग त्यांची नजर वाटग्यांवर गेली. “हे काय करालास?”

“प्रयोग आहे.”

“कशाचा?”

“रबराचा.”

“कर, कर. आन झाला की मला कागदावर लिहून दे. शेषेरावाला दाखवतो. त्याच्या तोंडावर मारतो.”

अंगद “हो” म्हणाला. मोठ्याने म्हणाला, नीट ऐकू जाईल असं. चांदपाशा गेल्यावर आईने पिशवीतलं एक सीताफळ काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

त्या आठवड्यात लातूरला त्याने घर्षण शिकवलं. फळ्यावर चाक काढलं, बाण काढले. पहिल्या बाकावरच्या पोराने काहीतरी विचारलं आणि अंगद खडू हातात धरून उभाच राहिला. तीन सेकंद, पाच, आठ. “उद्या सांगतो,” तो म्हणाला. मागून कुणीतरी खुसखुसलं.

रविवारी सकाळी दात न घासता तो वाटग्यांपाशी बसला. ब्रेक ऑइलमधली वाटी काढून पुसली. सव्वीस, तीन दशांश. डिझेलमधली काढली. ती व्हर्निअरच्या जबड्यात दाबूनच बसवावी लागली. अठ्ठावीस, एक दशांश.

आई चूल पेटवून बाहेर आली. “आलं का उत्तर?”

“आलं.” त्याने सांगितलं. परात, डिझेल, दोन मापं. किट चांगलं होतं, चाचांचं काम चांगलं होतं. सांगताना आवाज बारीक होत गेला. “तुझा हात माझ्यामुळं मोडला.”

कावेरीबाईने प्लास्टरवरची राख झटकली. “माझा हात जुळंल,” ती म्हणाली. “मला कशाला सांगालास? ज्याच्या दारात कुणी जाईना झालंय, त्याला सांग. आन आत्ताच जा. समदे डायवर हायेत फाट्यावर. उद्या तू लातूरला पळशील.”

“आधी चाचांना एकट्याला गाठून—”

“बोललास ते एकट्याला गाठून बोललास व्हय?”

फाट्यावर सात जिपा उभ्या होत्या. ड्रायव्हर हॉटेलात होते. चांदपाशा आपल्या दुकानापुढे पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. अंगद हॉटेल आणि दुकानाच्या मधे उभा राहिला आणि वही उघडली.

“त्या दिवशीच्या ब्रेकबद्दल सांगायचंय. रबर हा एक पॉलिमर असतो आणि हायड्रोकार्बनच्या संपर्कात—”

“सर,” भुजंग म्हणाला, “आमाला कळंल असं.”

अंगदने वही मिटली. “चूक माझी होती. रबर मी डिझेलमध्ये धुतलं. किट डुप्लिकेट नव्हतं. चाचांचं काम बरोबर होतं. मी चाक न बघताच बोललो.”

कुणीतरी हसलं आणि भुजंगने कपाळावर हात मारला. “रबर? डिझेलमधी? अहो सर, परवा लागलेल्या किलीनरला इचारा, त्यो बी सांगंल. आन तुमी फिजिक्स शिकवता!” त्याचं हसू मावळलं. “कवा कळलं हे तुमाला?”

“आज. सात दिवस मोजत होतो.”

“आन त्याच्या आदीचे सात?”

भुजंगने बशी टेबलावर आपटली. “म्हाताऱ्याच्या दुकानाकडं आमी मान वळवून बघत नव्हतो, सर. तुमच्या एका शब्दावर.”

चांदपाशांनी ट्यूबवर खडूने खूण केली, ती टपातून काढली, झटकली, खुंटीला अडकवली. मग पहिल्यांदा वर बघितलं.

“मी सीताफळं घेऊन आलो त्या दिशी तुला म्हाईत व्हतं?”

“शंका होती, चाचा.”

“शंका?”

“माहीत होतं.”

“वाटग्यांत रबर मी बघितलं. इचारलं बी तुला.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं अंगदला वाटलं. “मी बसलो व्हतो तुझ्या उंबऱ्यात. माफी मागत.” त्यांनी हात पुसले. “चल.”

शेजारच्या एसटीडी बूथमध्ये त्यांनी अंगदला पुढे घातलं आणि नांदेडचा घरचा नंबर तोंडाने सांगितला. शेषेराव फोनवर आले तेव्हा अंगदने सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी पॉलिमर न म्हणता. पलीकडे कुकरची शिटी झाली.

“बरं झालं सांगितलं,” शेषेराव म्हणाले. “किट मी एसटीनं पाठवून देतो. पाशाभाई हाय का तिथं? द्या त्याला.”

अंगदने फोन मागे धरला. चांदपाशांनी नकारार्थी मान हलवली आणि ते बूथबाहेर गेले. काय म्हणावं ते न कळून अंगद म्हणाला, “ते कामात आहेत.” त्या दिवसातलं ते दुसरं खोटं ठरू नये म्हणून लगेच म्हणाला, “नाही. ते घेत नाहीयेत.”

“नसंल घेत,” शेषेराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाहेर येऊन अंगदने रस्त्यात मनात जुळवलेलं बोलून टाकलं. “चाचा, नवं किट आलं की तुम्ही बसवा. आपण इथंच, सगळ्यांसमोर चाचणी घेऊ. अंतर मोजू. म्हणजे तुमचं काम किती पक्कं आहे ते सगळ्यांना—”

“माझी परीक्षा तू घेणार?”

अंगदने वही खिशात कोंबली.

“चाळीस साल झाले मला. माझा पेपर कदीच झालाय.” चांदपाशांनी टपातलं पाणी रस्त्यावर फेकलं. “परीक्षा तुझी. म्होरल्या आयतवारी गाडी हितं आण. चाक तू बसवायचंस, समद्यांच्या म्होरं. मी हात लावणार न्हाई.”

पुढच्या रविवारी सांगाडा ट्रॅक्टरमागे बांधून फाट्यावर आला. गावातून येताना दारादारांतून लोकांनी बघितला. चांदपाशा दुकानापुढच्या स्टुलावर बसले. पाच-सहा ड्रायव्हर उभे होते. प्रवासी दोघे-तिघेच होते, पण तेही जिपेतून उतरून जवळ आले.

अंगदने आधी साबणाने हात धुतले. सिलिंडर ब्रेक ऑइलच्या फडक्याने पुसला. नवी वाटी ब्रेक ऑइलमध्ये बुडवली आणि दोन बोटांनी फिरवली. “चाचा, असं का करतात?” त्याने विचारलं.

“कोरडं रबर आत घातलं की त्याची कड दुमडती,” चांदपाशा म्हणाले. एवढंच म्हणाले.

डाव्या आणि उजव्या दोन्ही सिलिंडरांत किट बसलं. नवे लायनर लागले. तेलातली हवा काढायला पेडलवर भुजंग बसला. “दाबू?” “दाबा.” “सोडू का?” “थांबा, थांबा, निपल आवळू द्या.” “सर, पाय आखडला माझा, इथं तास संपायची घंटा वाजत न्हाई का?” लोक हसले. नळीतून बुडबुडे आले, मग तुटक आले, मग नुसतं तेल आलं. चाक चढवताना अंगदने पहिला नट नेहमीच्या सवयीने उजवीकडे फिरवला, तो धरेना. तो जोर लावणार तेवढ्यात चांदपाशा खाकरले. जुन्या जिपेच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हे अंगदला गाडी जुळवली तेव्हापासून पाठ होतं. त्याने नट काढला आणि डावीकडे फिरवला. या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

“फिरवून बघ,” चांदपाशा म्हणाले. “उजवं किती फिरतं, डावं किती फिरतं.”

जॅकवर उचललेलं उजवं चाक हाताने झटका दिल्यावर तीन वेढे फिरून थांबलं. डावं दीड. अंगदने लायनर किंचित सैल केले. दोन. पुन्हा सैल केले. तीन.

मग त्याने फाट्याच्या कच्च्या रस्त्यावर चुन्याने दोन रेघा मारल्या, मधे पंचवीस मीटर. हे अंतर तीन सेकंदांत कापलं की वेग तासाला तीस किलोमीटर होतो. दुसऱ्या रेघेवर ब्रेक दाबायचा. दुसऱ्या रेघेच्या पुढे त्याने मधोमध सुतळी ताणून एक सरळ खूण केली. गाडी आठ मीटरच्या आत थांबली आणि सुतळीपासून वीतभरही बाजूला सरकली नाही, तर ब्रेक पक्के. तो सांगाड्यावर चढायला गेला, तेव्हा चांदपाशा स्टुलावरून उठले.

“उतर. चालवणार मी.”

“चाचा, चाक मी बसवलंय. काही चुकलं असलं तर—”

“म्हणूनच.” ते वर चढले आणि स्टिअरिंगवर हात ठेवला. “तू खाली ऱ्हा आन मोज.”

भुजंग दोन पावलं पुढे झाला. “चाचा, हे झालं की माझी जीप बघता का? मागचं चाक आवाज करालंय.”

“ह्येचं होऊ दे आदी,” चांदपाशा त्याच्याकडे न बघता म्हणाले.

पंपाचं इंजिन धडधडलं. पहिल्या फेरीत वेळ साडेतीन सेकंद लागला, ती अंगदने धरली नाही. दुसरीत सव्वातीन, तीही सोडली. तिसऱ्या फेरीला सांगाडा पहिल्या रेघेवरून गेला तेव्हा त्याने घड्याळ दाबलं, दुसऱ्या रेघेवर पुन्हा दाबलं. तीन सेकंद. चारही चाकं घसरली, धूळ उठली आणि धुळीत गाडी उभी राहिली. धूळ खाली बसेपर्यंत अंगद जागचा हलला नाही. मग त्याने भुजंगच्या हातात टेपचं टोक दिलं, दुसऱ्या रेघेपासून पुढच्या चाकापर्यंत टेप ताणली, आणि नंतर गुडघ्यांवर बसून सुतळीपासून गाडीचं अंतर घेतलं. दोन्ही आकडे त्याने मोठ्याने वाचले.

थांबायला लागलेलं अंतर सात मीटर तीस सेंटिमीटर. डावीकडे ओढ चार सेंटिमीटर.